कर्ज असताना सहलीला जायचं का? आधी जूनचा हिशेब, मग मेचं तिकीट

पतसंस्थेच्या कर्ज विभागात बसून मी दर वर्षी एकच प्रकार बघते. एप्रिलमध्ये लोक सहलीचं बुकिंग करतात, मेमध्ये फिरून येतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलासमोर बसतात, "मॅडम, मुलांच्या फीपुरतं काही होईल का?" कर्ज असताना ते फिरायला गेले म्हणून ही वेळ आली असं मला वाटत नाही. घराचा हप्ता वीस वर्षं चालतो, तोवर कोणी घरात बसून राहत नाही. चुकतो तो क्रम. तिकीट आधी आणि हिशेब नंतर.

म्हणून "जायचं की नाही" हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. "किती रुपयांची सहल" हा प्रश्न घ्या. त्याचं उत्तर एका आकड्यात येतं आणि तो आकडा शून्यही असू शकतो. आकडा काढायला रविवारची एक दुपार, एक वही आणि घरातल्या दोघांचेही फोन लागतात. दोघांचे, कारण अर्धी कर्जं एकाच्याच फोनमध्ये असतात.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर आकडा चुकेल.

टप्पा १: सगळी कर्जं एका पानावर

घराचं, गाडीचं आणि पर्सनल लोन सगळ्यांच्या लक्षात असतं, कारण त्यांचे मेसेज येतात. यादीतून सुटतात ती कर्जं वेगळीच. तीही लिहा:

- मेहुण्याकडून, मित्राकडून घेतलेले हातउसने
- उचललेली भिशी. तुमचा नंबर लागून रक्कम हातात आली असेल, तर उरलेले हप्ते म्हणजे कर्जच.
- सोनं गहाण ठेवून घेतलेली रक्कम
- फोन, फ्रिज, एसी यांचे हप्ते आणि अॅपवरून "नंतर भरा" म्हणून घेतलेली खरेदी
- सोसायटीची थकलेली देखभाल वर्गणी, किराणावाल्याकडची उधारी
- तुम्ही दुसऱ्याला जामीन राहिला असाल ते कर्ज, ते थकलं असेल तर

प्रत्येकासमोर चार गोष्टी लिहा: बाकी किती, व्याज किती, महिन्याचा हप्ता किती आणि हप्त्याची तारीख. सोनेतारणाजवळ मुदतीची तारीखही लिहा. बऱ्याच सोनेतारण कर्जांत दरमहा काहीच भरायचं नसतं, वर्षाच्या शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम द्यावं लागतं. महिन्याला मेसेज येत नाही म्हणून माणूस ते विसरतो. मुदत नेमकी जूनमध्ये संपत असेल, तर सहलीचा विषय तिथेच संपला.

आता या कर्जांचे तीन गट करा.

जळतं कर्ज: क्रेडिट कार्डाची न भरलेली बाकी, झटपट कर्जाची अॅपं, खाजगी सावकाराचे व्याजी पैसे आणि कुठलाही थकलेला हप्ता. कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के असतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

तापलेलं कर्ज: पर्सनल लोन, वस्तूंचे हप्ते, सोनेतारण, उचललेली भिशी आणि हातउसने. हातउसन्याला व्याज नसतं, तरी मी ते इथेच ठेवते. त्याचं कारण टप्पा ६ मध्ये आहे.

संथ कर्ज: वेळेवर चाललेलं घराचं कर्ज, शैक्षणिक कर्ज.

संथ कर्जाच्या बाबतीत एक हिशेब तुम्हाला कोणीतरी नक्की दाखवेल. २५ लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. सुरुवातीलाच त्यात ४०,००० जादा भरले तर मुदतीअखेर पावणेदोन लाखांच्या वर व्याज वाचतं. हिशेब बरोबर आहे. पण तोच लावत बसलात तर वीस वर्षांत चहासुद्धा बाहेर प्यायला नको. मुलगी आज दहा वर्षांची आहे, कर्ज फिटेल तेव्हा तिशीला येईल. संथ कर्ज हप्त्यावर चालू असेल, तर निव्वळ ते आहे म्हणून सहल रद्द करू नका.

टप्पा २: तीन थांबे

पुढचं गणित करण्याआधी हे तीन प्रश्न विचारा. एकाचंही उत्तर "हो" आलं, तर या वेळी मुक्कामाची सहल नाही.

१. गेल्या सहा महिन्यांत एखादा हप्ता चुकला किंवा बाउन्स झाला का?
२. एक कर्ज फेडायला दुसरं काढलं का? एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डातून भरणंही यात आलं.
३. सावकाराचे किंवा अॅपचे व्याजी पैसे बाकी आहेत का?

तिसऱ्याला "हो" असेल, तर सहलीसाठी साठवलेलं सगळं तिकडेच जाऊ द्या. सावकाराकडे परवाना नसेल तर महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ प्रमाणे तो गुन्हा आहे. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, या कार्यालयात तक्रार करता येते.

*इशारा:* पतसंस्थेचं कर्ज थकलं की नोटीस तुमच्याबरोबर जामीनदारालाही जाते. जामीनदार बहुतेक वेळा तुमच्याच कंपनीतला किंवा वाड्यातला असतो. त्याच्या हातात नोटीस आणि तुमच्या स्टेटसवर बर्फातले फोटो. यावरून अबोला धरलेली माणसं मी पाहिली आहेत.

टप्पा ३: परतल्यानंतरच्या महिन्याचा हिशेब

सगळा निकाल इथे लागतो आणि नेमका हाच टप्पा गाळला जातो. लोक नेहमीच्या महिन्यात किती उरतं ते बघतात. बघायचं असतं ते परत आल्यावरच्या महिन्यात किती कमी पडतं. मेच्या सहलीनंतर जून येतो, दिवाळीच्या सहलीनंतर दुसऱ्या सत्राची फी आणि दिवाळीचंच बिल, डिसेंबरनंतर विम्याचे हप्ते आणि मार्चचा कर.

एक उदाहरण घेऊ. चिंचवडचं चार माणसांचं घर. नवऱ्याचा हातात येणारा पगार ६४,०००. बायको घरी शिकवण्या घेते, त्याचे १०,०००. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. कर्जं अशी: घराचा हप्ता २१,७००, दुचाकीचा ३,४००, उचललेल्या भिशीचे दरमहा २,०००, मेहुण्याचे ४०,००० बाकी आणि त्यातले महिन्याला २,००० परत, शिवाय कार्डावर २८,०००. डिसेंबर चालू आहे आणि मेमध्ये सिमला-मनाली करायचं घरात ठरलं आहे. एजंटने चौघांचे ८५,००० सांगितले आहेत.

त्यांचा जून असा दिसतो:

- शाळेची पहिल्या सत्राची फी, दोघांची: २४,०००
- वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट, रेनकोट, दप्तर: ९,५००
- घर, दुचाकी, भिशी, मेहुणा: २९,१००
- किराणा, दूध, भाजी, गॅस: १५,०००
- वीज, फोन, सोसायटी: ५,२००
- पेट्रोल: ३,५००
- आईवडिलांची औषधं: २,५००
- किरकोळ: ४,०००

एकूण ९२,८००. आणि जमा? ७४,००० लिहिलंत तर तिथेच फसलात. शिकवण्या मेमध्ये बंद, जूनच्या मध्याला सुरू, फी हातात येते जुलैत. म्हणजे मेमध्येही आणि जूनमध्येही फक्त ६४,०००. जूनचा खड्डा २८,८०० चा. सहलीचा एक रुपयाही खर्च न करता.

आता उलटं मागे या. शाळेचा खर्च वगळला तर त्यांचा नेहमीचा महिना ५९,३०० मध्ये भागतो, म्हणजे १४,७०० उरतात. डिसेंबर आणि जानेवारीची शिल्लक कार्डावर घातली की व्याजासकट कार्ड जवळजवळ कोरं होतं, फेब्रुवारीत आठ-नऊशे रुपये भरले की संपलं. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचे मिळून साधारण ४३,०००. मेमध्ये शिकवण्या नाहीत, म्हणून ४,७०० च. मेअखेर हातात पावणेअठ्ठेचाळीस हजार. त्यातून जूनचे २८,८०० बाजूला. उरले एकोणीस हजार. त्यातले चार हजार कुणाचा दात दुखला, दुचाकीचं टायर गेलं यासाठी हात न लावता ठेवायचे.

आकडा आला: १५,०००.

मनालीला ८५,००० लागतात म्हणून उत्तर "नाही" असं होत नाही. "पंधरा हजारांची" असं होतं. आणि हे कार्ड फेडून, मेहुण्याचा एकही हप्ता न चुकवता.

*तपासा:* तुमच्या घरात कोण रोजंदारीवर, कमिशनवर किंवा ऑर्डरवर कमावतं? सुट्टीच्या दिवसांत त्यांची कमाई थांबते. ती रक्कम "जमा" मधून वजा केली का?

टप्पा ४: सहलीचा खरा खर्च

एजंटच्या कागदावर असतो तो खर्च वेगळा आणि घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंतचा वेगळा. सुटणाऱ्या गोष्टी: स्टेशनपर्यंतची रिक्षा, वाटेतलं खाणं, निघण्याआधी घेतलेले कपडे आणि चपला, प्रवेश फी, पार्किंग, देवळातली दक्षिणा, मुलांची खेळणी आणि शेजारी, ऑफिस, नातेवाईक यांच्यासाठी आणायचा खाऊ. हा शेवटचा आकडा एकदा नीट लिहून बघाच.

देवाला जाणंही यातच धरायचं. जेजुरी, तुळजापूर किंवा कोल्हापूरला दोन मुक्काम करून आलेली माणसं "ती काय सहल नाही, देवाला गेलो होतो" म्हणतात. खिशातून पैसे तेवढेच जातात. कुलदैवताला जायचंच असेल, तर त्यालाच जोडून एक दिवस वाढवा. वर्षात दोन खर्च करू नका.

चिंचवडच्या घराने गुहागर धरलं. दोन रात्री, घरगुती राहणं-जेवणं.

एसटीने जायचं ठरवलं, त्याला कारण आहे. राज्याच्या हद्दीत महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे (मार्च २०२३ पासून) आणि पाच ते बारा वयाच्या मुलांनाही निम्मं. म्हणजे चौघांची अडीच तिकिटं होतात. पूर्ण तिकीट ५०० धरलं तर जाऊन-येऊन २,५००. आजी-आजोबा बरोबर असतील तर ६५ ते ७५ वयाला निम्मं आणि ७५ च्या पुढे फुकट. आधार कार्ड जवळ ठेवा. गोव्याला एसटीने जाणार असाल, तर ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच चालते हे लक्षात असू द्या.

तुलनेला स्वतःची गाडी: फिरणं धरून ६५० किलोमीटर, लिटरला १६ चा अॅव्हरेज, पेट्रोल १०५ धरलं तर सव्वाचार हजार, टोल वेगळा. सहा जण असाल तर गाडी परवडते. चौघांत दोन महिला आणि एक लहान मूल असेल तर एसटी.

बाकीचा हिशेब: खोली दोन रात्रींची ३,६००, जेवणं ३,६००, नाश्ता ६००, तिथली रिक्षा १,२००, खाऊ आणि कोकम-आमसुलं १,०००. तिकिटांसकट १२,५००. त्यावर १५ टक्के वर, म्हणजे १,८७५. एकूण १४,३७५. आकड्यात बसलं. तीन रात्री धरल्या असत्या तर बसलं नसतं.

*इशारा:* वरचे १५ टक्के "उरलेच तर तिथे खर्च करू" यासाठी नाहीत. ते उरले तर घरी परत येतात.

टप्पा ५: पैसा कुठून आणायचा

इथे माझीच गोष्ट सांगते. पतसंस्थेत काम करत असूनही २०१८ च्या मेमध्ये आम्ही केरळला गेलो ते कार्डावर. ४६,००० झाले. "हळूहळू भरू" म्हणून दरमहा मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरत राहिले. सात महिन्यांत सोळा हजारांच्या आसपास भरून झाले आणि बाकी साडेतीन हजारांनीसुद्धा कमी झाली नव्हती. मिनिमम ड्यू म्हणजे साधारण पाच टक्के आणि त्यातले चार टक्क्यांहून जास्त व्याज-जीएसटीतच जातात. वर आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली: बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या सात महिन्यांत कार्डावर भरलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं.

तर पैशाचा क्रम असा:

पहिला स्रोत साठवलेला पैसा, वेगळ्या खात्यात किंवा डब्यात ठेवलेला. पगाराच्या खात्यात ठेवलेला पैसा साठत नाही, विरतो. दुसरा स्रोत न ठरलेली जमा: बोनस, थकीत भत्ता, रद्दी-भंगार विकून आलेले पैसे. त्यातलं अर्धं जळत्या कर्जाला आणि अर्धं सहलीला. कंपनी प्रवास भत्ता देत असेल आणि तुम्ही जुनी करप्रणाली निवडली असेल, तर त्यावर करसवलतही मिळते. पण ती चार वर्षांच्या गटात दोनच प्रवासांना, भारतातल्या भारतात आणि फक्त भाड्यापुरती मिळते. हॉटेल आणि जेवण त्यात येत नाही. तिकिटं जपून ठेवा.

एवढे दोनच. या खाली मी काही लिहीत नाही, पण लोक काय काय करतात ते सांगते.

पर्सनल लोन. ८५,००० चौदा टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ४,०८० च्या आसपास आणि व्याज तेरा हजारांच्या जवळ. चिंचवडच्या घरात महिन्याला १४,७०० उरतात, म्हणून हा हप्ता सहज बसतो असं वाटतं. नेहमीच्या महिन्यात बसतोही. पण चोवीस महिन्यांत दोन जून येतात.

"नो कॉस्ट ईएमआय". बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट देऊन ते भरून काढतो. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. शिवाय रोख भरणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. एजंटला एकच प्रश्न विचारा: "आज पूर्ण रक्कम भरली तर किती कमी कराल?"

सोनं गहाण. दवाखान्यासाठी ठेवा, शिक्षणासाठी ठेवा. फिरण्यासाठी पाटल्या कपाटातून बाहेर काढू नका.

भिशी आधी उचलणं. बोली लावून उचलली तर जी रक्कम सोडून देता तेच व्याज. पुढचे सगळे हप्ते जूनसकट भरायचेच असतात.

पीएफ. नाही.

*तपासा:* टप्पा ३ चा आकडा आणि टप्पा ४ चा आकडा शेजारी लिहा. दुसरा मोठा असेल तर सहल बदला: ठिकाण, दिवस किंवा महिना. पहिला आकडा वाढवायला कर्ज काढू नका.

टप्पा ६: घरात आणि घराबाहेर बोलणं

नवरा-बायकोने एकत्र बसून आकडा काढला असेल, तर निम्मं काम झालेलं असतं. एकट्याने काढून दुसऱ्याला सांगितला, की तो आकडा कंजूषपणा वाटतो.

मुलांना कर्जाची यादी वाचून दाखवायची गरज नाही, पण खोटंही सांगू नका. "या वर्षी पंधरा हजार आहेत, त्यात कुठे जायचं ते तुम्ही शोधा" असं म्हणून सातवीतल्या मुलीच्या हातात वही द्या. ती एसटीचं वेळापत्रक तुमच्यापेक्षा लवकर शोधते. मनालीचं आधीच कबूल केलं असेल तर ते आत्ताच मोडा, मे उजाडेपर्यंत टाळत बसू नका.

आणि मेहुणा. हातउसनं तापलेल्या गटात ठेवलं ते यासाठीच. बँकेला तुमचे फोटो दिसत नाहीत, मेहुण्याला दिसतात. त्याने स्वतःची गरज मागे ठेवून पैसे दिलेले असतात. फोटो पडण्याआधी, खरं तर बुकिंग करण्याआधी, त्याला फोन करा: "अरे, मेमध्ये आम्ही तीन दिवस गुहागरला जातोय, साठवलेल्या पैशातून. तुझे महिन्याचे दोन हजार चालूच राहतील." बहुतेक वेळा तो "जा की दाजी, विचारताय काय" म्हणतो. क्वचित तो गप्प होतो. गप्प झाला तर त्यालाच पैशांची गरज आहे असं समजा आणि त्या महिन्यात दोनऐवजी पाच हजार द्या, सहल एका मुक्कामावर आणा.

ज्याला तुम्ही पैसे देणं लागता आणि ज्याला महिन्याचा हप्ता अजून ठरवूनच दिलेला नाही, त्याच्याबाबत आधी हप्ता ठरवा. दोन महिने तो नियमित द्या. मग सहलीचं बोला.

टप्पा ७: बुकिंगचा क्रम

१. रजा मंजूर करून घ्या. "मिळेल हो" म्हणजे मंजूर नाही.

२. हप्त्यांच्या तारखा बघा. बहुतेकांचे हप्ते १ ते १० तारखेत कापले जातात. सहल १२ ते २५ च्या दरम्यान बसवा. हप्ते कापून गेल्यावर खात्यात उरतं ते खरं उरलेलं. सहलीत असताना हप्ता बाउन्स झाला तर बँकेचा दंड, कर्ज देणाऱ्याचा दंड आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग, तिन्ही एकदम.

३. प्रवासाचं तिकीट. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी १२० दिवस होतं, त्या हिशेबात राहू नका. तत्काळवर बजेट बांधू नका. भाडं जास्त असतंच आणि कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा नाही.

४. राहणं शेवटी. रद्द केल्यावर पैसे परत देणारी जागा थोडी महाग असली तरी तीच घ्या. ज्याच्या डोक्यावर हप्ते आहेत त्याला बेत बदलायची मोकळीक हवी. कोकणातल्या घरगुती जागांना फोन करून शनिवार-रविवार सोडून दर विचारा, फरक ऐकून तारीख बदलाल.

*इशारा:* "आज पाच हजार भरून जागा पक्की करा" हे वाक्य ऐकून टप्पा १ ते ५ न करता पैसे भरू नका. पाच हजार अडकले की माणूस ते वाचवायला ऐंशी हजार घालतो.

टप्पा ८: सहलीच्या दिवसांत

रोजची पाकिटं करा. दिवसाचे पैसे एका पाकिटात, संध्याकाळी उरलेले उद्याच्या पाकिटात. मोबाइलवरून पैसे देताना हात आखडत नाही, म्हणून त्या तीन दिवसांसाठी दुसऱ्या खात्यात ठरलेली रक्कम टाका आणि पैसे तिथूनच द्या. क्रेडिट कार्ड एकच बरोबर न्या, दवाखान्यासाठी, आणि ते ज्याला खरेदीची आवड कमी आहे त्याच्याकडे द्या.

मुलांना प्रत्येकी दोनशे रुपये त्यांचे म्हणून द्या. स्वतःचे संपल्यावर कुणी तिसरं आइसक्रीम मागत नाही. आमच्याकडे तरी मागितलं नव्हतं.

उत्तर शून्य आलं तर

तर मुक्काम नाही, पण सुट्टी आहे. सकाळच्या एसटीने जाऊन रात्री परत येण्यासारखी जागा प्रत्येक जिल्ह्यात आहे. डबा घरचा. गावी भाऊ-बहीण असेल, तर मुलांना आठ दिवस तिकडे सोडा आणि त्यांची मुलं नंतर आठ दिवस इकडे आणा. दोन्ही घरांचा खर्च किराण्याच्या पलीकडे जात नाही.

एका बाबतीत मात्र मी हा नियम सैल करते. आईवडील सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना एकदा समुद्र बघायचा आहे आणि पुढच्या वर्षी गुडघे साथ देतील याची खात्री नाही. अशा वेळी जळतं कर्ज नसेल, तर बाकीची वर्षभराची हौस कापा आणि त्यांना घेऊन जा. दोन रात्री पुरतात. खोली तळमजल्यावरची मागा.

टप्पा ९: परतल्यावरचा पहिला आठवडा

बॅगा रिकाम्या करण्याच्या दिवशीच पाकिटातले उरलेले पैसे जूनच्या रकमेत टाका. दुसऱ्या दिवशी खरा खर्च टप्पा ४ च्या यादीसमोर लिहा. जिथे चुकलात तिथे गोल करा, ही वही पुढच्या वर्षी लागते. कार्ड वापरावं लागलं असेल तर बिलाची वाट न बघता रक्कम भरून टाका. शाळेची फी शेवटच्या तारखेची वाट न बघता भरा, कारण खात्यात पडून राहिलेले २८,८०० दर दिवशी थोडे कमी होतात.

रविवारी मेहुण्याकडे जा. कोकमं द्यायचीच आहेत, पण त्याचे जूनचे दोन हजार निघण्याआधी त्याच्या खात्यावर टाकून जा.